कच्चा टाका

निळे कोट ढिगाने शिवणखोलीत येऊन पडले, आणि त्यातला एकही फाटलेला नव्हता. धाकटीने वरचे दोन-तीन उलटेपालटे करून पाहिले. बटणं जागच्या जागी, काखा शाबूत, कडा सरळ. मग आलेत कशाला, असं तिने विचारलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हातातल्या कात्रीकडे बघत सांगितलं, की वरून हुकूम आलाय, मावश्यांच्या कोटांचे खिसे शिवून टाकायचे. कापायचं काही नाही, फक्त तोंड बंद करायचं.

"कुणाचं तोंड?"

"खिशाचं," मास्तर म्हणाले. "सध्या तरी."

शिवणखोली हॉस्पिटलच्या तळघरात होती, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. भिंतीपलीकडे मोठी यंत्रं दिवसभर घरघरत, आणि इकडे खिडकी म्हणून जी काय होती तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. मास्तर बेतायचे आणि इस्त्री करायचे, धाकटी शिवायची. चादरींच्या कडा, पेशंटचे मागून बांधायचे झगे, ऑपरेशनची हिरवी कापडं, डॉक्टरांचे पांढरे कोट, मावश्यांचे निळे. मावश्या म्हणजे वॉर्डात झाडणाऱ्या-पुसणाऱ्या, पेशंटला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या, भांडं देणाऱ्या-घेणाऱ्या बायका. त्यांना नाव कुणी विचारत नसे. लहान-थोर सगळे मावशीच म्हणत. आणि बायकांच्या वॉर्डातली सर्वांत जुनी मावशी म्हणजे धाकटीची थोरली जाऊ.

दोघी एकाच घरात राहायच्या. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर तिच्या खांद्यावर आलं होतं आणि अजूनही तिच्याच शब्दावर चालायचं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीने तिला घरच्या मशीनवर बसवलं, चुकलेलं सगळं उसवायला लावलं, पुन्हा शिवायला लावलं, आणि हात बसल्यावर शब्द टाकून हॉस्पिटलात कामाला लावलं. ती नोकरी अजून पक्की झाली नव्हती. कायम करायचं की नाही ते अधीक्षकसाहेबांच्या हातात होतं, आणि साहेब 'बघू' म्हणाले होते.

खिशांचा हुकूम त्यांचाच. झालं होतं ते असं. बायकांच्या वॉर्डात गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेल्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बोटातली अंगठी गेली. शोधाशोध सुरू झाली. मावश्यांची कपाटं उघडली, पिशव्या उलट्या केल्या, जेवणाचे डबेसुद्धा उघडून पाहिले. सिस्टरांच्या पिशव्या कुणी उघडल्या नाहीत, डॉक्टरांच्या तर नाहीतच. अंगठी सापडली नाही. तेव्हा साहेबांना सुचलं, की मुळात खिसाच नसला तर चोरलेलं राहील कुठे.

साहेब माणूस टापटिपीचा. त्यांच्या स्वतःच्या कोटाला चार खिसे होते. एकात पेन, एकात फोन, एकात रुमाल, आणि चौथ्यात चाव्यांचा जुडगा. बोलताना ते तो वाजवत राहायचे.

धाकटीने कोट शिवले. तिला ते आवडलं नाही, पण 'नाही' म्हणायची तिची ऐपत नव्हती. पाय मशीनवर चालत राहिला आणि खिशांची तोंडं एकामागून एक मिटत गेली. मग थोरलीचा कोट हातात आला. कॉलरीला आतून तिनेच मागे लावलेली पट्टी होती, त्यावरून ओळखला. तिने मशीन थांबवली. मास्तर इस्त्रीत गुंतले होते. तिने हातात सुई घेतली आणि त्या कोटाच्या दोन्ही खिशांना लांब लांब कच्चा टाका घातला. बघणाऱ्याला शिवलेलं दिसावं, आणि दोऱ्याचं टोक ओढलं की झटक्यात सुटावं. एवढं तरी आपल्या माणसासाठी करता यावं, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी ती हलक्या मनाने घरी गेली.

इथेच ती चुकली.

थोरलीच्या खिशात असायचं काय? रुमाल, सेफ्टी पिना, चष्मा पुसायचं फडकं आणि लांब दांडीचा एक कंगवा. सकाळी पेशंटची अंगं पुसून झाली की ती एकेका खाटेवर बसून बायकांचे केस विंचरायची. तिला हे काम कुणी दिलेलं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की औषध डॉक्टर देतात, गुण देव देतो, पण विंचरलेल्या केसांची बाई आरशात बघते, आणि आरशात बघणारी बाई घरी जायचं नाव काढते. जिला स्वतःचा हात वर नेता येत नसे तिचे केस तर ती गुणगुणत विंचरायची. तो मागून बांधायचा झगा, ज्यात माणसाची पाठसुद्धा त्याची राहत नाही, त्यात पडलेल्या बाईला तेवढी एक वेणी स्वतःची वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने कोट चढवला आणि सवयीने हात खिशाकडे गेला. बोट अडकलं, दोरा तुटला, हात आत गेला. तिने शेजारच्या मावशीच्या खिशाकडे पाहिलं. तिथे नखसुद्धा शिरत नव्हतं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने तो कोट धाकटीच्या मांडीवर टाकला. "हे काय आहे?"

धाकटीला वाटलं, ताईंना कळलं, बरं वाटलं असेल. ती हळूच म्हणाली, "तुमच्यापुरता कच्चा ठेवला, ताई. ओढला की सुटतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना." थोरलीचा आवाज चढला नाही. तो खाली गेला, आणि तो खाली गेला की घरातली माणसं भांडंसुद्धा जपून ठेवायची. "बाकीच्या चोर, आणि मी तुझ्या घरची म्हणून साव? हा घालून मी त्यांच्यात उभी राहू? साहेबाने निदान आम्हा सगळ्यांना एका मापाने मोजलं. तू त्यातूनही मला वेगळं काढलंस."

"मी तुमच्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी करायचं होतं तर मशीनवरून उठायचं होतंस. हुकूम साहेबाचा, मान्य. टाके कुणाचे?"

थोरलीने घरच्या मशीनचं झाकण काढलं आणि स्वतःच्या कोटाचे खिसे स्वतः शिवले. एकदा नाही, दोनदा, शिलाईवर शिलाई, इतकी बारीक की दोरा कापडात बुडाला. मशीनचा आवाज रोजचाच, पण त्या संध्याकाळी तो कुणाला तरी खडसावत असल्यासारखा येत होता. मग तिने झाकण लावलं, आणि धाकटीशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं म्हणून घर थोडंच थांबतं. निरोप धाकटीच्या नवऱ्यामार्फत जायला लागले. तो बस चालवायचा. दिवसभर लोकांना इकडून तिकडे पोचवायचा आणि घरी आला की पुन्हा तेच. थोरली म्हणायची, तुझ्या बायकोला सांग, पाणी तापलंय. बायको हाताच्या अंतरावर बसलेली. तो म्हणायचा, तिने ऐकलंय, वहिनी. एकदा तो वैतागून म्हणाला, की मी दीर आहे की टपालपेटी ते दोघींनी मिळून ठरवा. त्यावर दोघींपैकी एकही हसली नाही, तेव्हा त्याला प्रकरणाची खोली कळली.

पण जेवताना थोरली त्याला जे सांगायची ते धाकटीच्या कानावर पडावं म्हणूनच. "सकाळी कोट चढवला की रोज कुणीतरी कानात 'चोर' म्हणतं," ती एकदा म्हणाली. "उतरवला की मी परत माणूस. मधला सगळा दिवस माझा नाही."

धाकटीने ते डोळ्यांनीही पाहिलं. धुतलेले झगे पोचवायला ती वॉर्डात जायची. मावश्यांचे हात बेवारशी झाले होते. देवाने माणसाला दोन हात दिले, आणि माणसाने त्या हातांना टेकायला दोन खिसे केले. इतकी साधी सोय, पण ती काढून घेतल्यावर हात ठेवायचे कुठे तेच कुणाला समजेना. कुणी ते पाठीमागे बांधायची, कुणी पोटावर, शिक्षा झालेली मुलं उभी राहतात तशी. एक जाडजूड मावशी होती, तिच्या हसण्याने वॉर्डाची दारं हलतात म्हणायचे. ती भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली होती. पिना ओठांत धरलेल्या, म्हणून बोलणंही कमी. पेशंटला भेटायला येणाऱ्यांची नजर शिवलेल्या खिशावर जायची आणि तिथून स्वतःच्या पाकिटावर. शिवलेला खिसा दिसला की न विचारता कळतं, इथे काहीतरी शिवून टाकावं लागलंय.

आणि कंगवा कपाटात पडून होता. कपाट वॉर्डाच्या पार टोकाला, किल्ली सिस्टरकडे. थोरली मुठी मिटून खाटांमधून जायची-यायची. खाटांवरच्या बायकांच्या केसांच्या जटा झाल्या होत्या आणि आरसा मागणारं कुणी उरलं नव्हतं. अपमान ज्याच्या अंगावर टाकावा त्याच्याच अंगावर राहत नाही. तो ओल्या कपड्यासारखा शेजारच्यालाही भिजवतो.

धाकटीला राग यायचा. साहेबांचा यायचा, तसा थोरलीचाही यायचा. एवढं जिवाला लावून घ्यायचं काय कारण, सगळ्या घालतातच ना, असं ती नवऱ्याला म्हणाली. म्हणताना तिला स्वतःच्याच आवाजाचा राग आला.

प्लास्टर कापलं त्या दिवशी ती झग्यांची चळत घेऊन वॉर्डातच होती. यंत्र कर्रर्र करत वरून खाली गेलं, डॉक्टरांनी प्लास्टरची दोन शकलं बाजूला केली, आणि घोट्यापासून काहीतरी टण्णकन फरशीवर पडून खाटेखाली गेलं. थोरलीनेच वाकून ते काढलं. अंगठी होती.

बाईंनी तोंडावर हात घेतला. मग आठवून आठवून सांगितलं, की आत खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा, म्हणून मावशींकडून कंगवा मागून घ्यायच्या आणि त्याची दांडी आत घालून खाजवायच्या. आजारात बोटं वाळलेली, अंगठी सैल झालेली. त्यातच कधीतरी घसरली असणार. डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. बाई मात्र थोरलीचा हात धरून रडत होत्या. थोरलीने हात सोडवून घेतला नाही, पण धीरही दिला नाही.

साहेब आले. अंगठी पाहून म्हणाले, चला, सुटलो, देवाची कृपा. एरवी देवाचं नाव कुणीही घेतलं तरी थोरलीचा हात कपाळाशी जायचा. त्या वेळी गेला नाही. तिने विचारलं, "मग साहेब, खिसे?"

साहेबांनी चाव्या वाजवल्या. "आता शिवलेच आहेत तर राहू द्या ना, मावशी. नीटनेटकं दिसतं. आणि पुढेमागे तुमच्यावरच आळ यायला नको."

म्हणजे चोर नव्हता, चोरीही नव्हती, पण शिक्षा चालू राहणार होती, कारण ती दिसायला बरी होती. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या डोळ्यांसमोर साहेबांचं तोंड नव्हतंच. समोर होती निळ्या कापडावरची तिची स्वतःची शिलाई, सरळ, सफाईदार, एक टाका इकडचा तिकडे नाही. इतकं सुबक तिने आजवर काही शिवलं नव्हतं, आणि इतकं घाण.

दुसऱ्या दिवशी कोट धुऊन, वाळून इस्त्रीसाठी शिवणखोलीत आले. तिने मशीनला हात लावला नाही. ब्लेडचं अर्धं पातं घेतलं आणि पहिल्या खिशाचा पहिला टाका कापला. मास्तरांनी विचारलं, हुकूम आलाय का. ती म्हणाली, आलाय. कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, दुसरं अर्धं पातं घेतलं आणि ढिगाच्या पलीकडच्या बाजूने सुरुवात केली. आपली नजर आताशा चांगली राहिली नाही, म्हणाले. कुठला टाका ठेवायचा नि कुठला काढायचा, गोंधळ होतो.

धाकटी रागाने उसवत होती. तुटलेल्या दोऱ्यांचा तिच्या पायाशी निळा कचरा साठला. अडलं ते शेवटी, थोरलीच्या कोटाशी. शिलाईवर शिलाई, दोरा कापडात बुडालेला, पात्याला फट सापडेना. एक खिसा कसाबसा सुटला. दुसऱ्याला पातं घसरलं आणि खिशाच्या कापडाला तळापर्यंत चीर गेली. तिने तो तसाच घडी घालून बाकीच्यांवर ठेवला.

दुपारी मावश्या कोट न्यायला आल्या. पहिलीने कोट चढवला, हात खाली सोडले, आणि हात आत गेले. ती तशीच उभी राहिली, घर सापडल्यासारखी. मग दुसरीचे गेले, तिसरीचे गेले. जाडजूड मावशी हसली, भिंतीपलीकडच्या यंत्रांवरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. थोरली सर्वांत मागे होती. तिने आपला कोट घेतला, चीर पाहिली, धाकटीकडे पाहिलं, आणि कोट अंगावर चढवला.

ते हसणं जायचं तिथे गेलंच. साहेब जिना उतरून आले. दारात उभं राहून त्यांनी एकेकीचा कोट पाहिला, आणि हे कुणी करायला सांगितलं म्हणून विचारलं.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "टाके माझे होते. मी घातले, मी काढले."

साहेब म्हणाले, की कोट हॉस्पिटलचे आहेत, तुझ्या घरचे नाहीत. संध्याकाळपर्यंत होते तसे करून दे, मग तुझ्या कायम होण्याचंही बघू. खिशात चाव्या वाजत होत्या.

"ते बघू नका, साहेब." तिचा आवाजही आता थोरलीसारखा खाली गेला होता. "मी शिवणार नाही. या बायकांना रोज सकाळी कोट घालताना चोर व्हावं लागतं, आणि तो चोर माझ्या हातचा. चादरी सांगा, झगे सांगा, ऑपरेशनची कापडं सांगा. हे नाही."

साहेब मास्तरांकडे वळले. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सुईचं भोकच दिसत नाही हल्ली, म्हणाले, वय झालं.

मी बाहेरून शिंपी आणतो, असं साहेबांनी बजावलं.

तेव्हा थोरली पुढे आली. दोन्ही हात खिशांत. "आणा, साहेब. पण त्याला सांगून ठेवा, कोट अंगावर असतानाच शिवावे लागतील. आम्ही आता उतरवून देणार नाही. आणि सुई जपून चालवायला सांगा. आत हात आहेत."

चाव्यांचा आवाज थांबला. आपला हात कुठे आहे ते साहेबांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तो बाहेर काढला, आणि काढल्यावर कुठे ठेवावा हे त्यांनाही क्षणभर सुचेना. मग ते जिना चढून गेले.

बाहेरचा शिंपी आला नाही. खिसे उघडे ठेवा, असाही हुकूम कधी निघाला नाही; ते उघडे राहिले, एवढंच. धाकटीच्या नोकरीचं 'बघू' पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि ते अजून चालू आहे. मावश्यांची माफी कुणी मागितली नाही. एकट्या प्लास्टरवाल्या बाईंनी मागितली, त्याच दुपारी, थोरली कंगवा घेऊन त्यांच्या खाटेवर बसली तेव्हा. माझ्यामुळे झालं सगळं, असं त्या म्हणाल्या. थोरलीने केसांतली गाठ जरा जोरातच ओढली आणि म्हणाली, "मान सरळ."

त्या संध्याकाळी ती कोट अंगावर ठेवूनच घरी आली. वाटेत माणसं बघत होती, बघू दे म्हणाली असणार. धाकटीचा नवरा दाराशी बूट काढत होता. थोरलीने सवयीने "तुझ्या बायकोला सांग" असं सुरू केलं आणि मध्येच थांबली. त्याने मान वर करून निरोपाची वाट पाहिली. निरोप आला नाही. थोरलीने कोट काढला आणि धाकटीच्या मांडीवर टाकला.

"कंगवा आरपार पडला. येताना जिन्यातून खालपर्यंत गेला."

"पातं घसरलं, ताई. तुम्ही शिवलंच होतं तसं."

"मी शिवते ते पक्कं शिवते." थोरली तिच्यासमोर उभी राहिली. "तो कच्चा टाका मी विसरणार नाही. मरेपर्यंत बोलून दाखवीन."

"दाखवा," धाकटी म्हणाली. तिच्याही पोटात राग होता, आणि तो उतरावा असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

थोरलीने मशीनचं झाकण काढलं, वरचा दिवा लावला आणि स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बस. तळ शिव, तोंडाला हात लावू नकोस. आणि वाकडं गेलं तर उसवायला लावीन."